फ्लॅपची देखरेख: पहिल्या ७२ तासांत रक्तप्रवाह आणि ऊतींचा ऑक्सिजन कसा तपासावा

रात्री तीन वाजता फ्लॅपवर, म्हणजे शरीराच्या एका भागातून रक्तवाहिन्यांसह उचलून जखमेवर बसवलेल्या ऊतींच्या तुकड्यावर, बोट दाबले, उचलताच रंग झटकन परत आला, म्हणून नोंदवहीत ‘चांगला’ असे लिहिले गेले. सकाळच्या राऊंडला तोच फ्लॅप जांभळा, फुगलेला आणि हाताला टणक लागणारा असा सापडला. खानदेशात प्लास्टिक सर्जन म्हणून काम करताना हा प्रसंग मी वेगवेगळ्या वॉर्डांत पुन्हा पुन्हा पाहिला आहे. झटकन परतणारा रंग हे फ्लॅप सुदृढ असल्याचे लक्षण नसून, रक्त शिरेवाटे बाहेर न पडता आतच तुंबू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात राहिली तरी काही फ्लॅप वाचतील.

हा लेख रात्रपाळीच्या सिस्टर, निवासी डॉक्टर आणि रुग्णाच्या खाटेशी बसून राहणारे नातेवाईक यांच्यासाठी आहे. तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगात जबडा किंवा जीभ काढलेले रुग्ण, महामार्गावरील अपघातात नडगी उघडी पडलेले तरुण आणि कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेलेले शेतकरी, असे तीन प्रकारचे रुग्ण आपल्या भागात फ्लॅपसाठी प्रामुख्याने येतात.

आधी एक भेद स्पष्ट करतो. मांडीवरची पातळ त्वचा सोलून जखमेवर लावली, तर तो ग्राफ्ट होय. तो जखमेच्या तळातून रक्त मिळवतो. फ्लॅप मात्र आपली धमनी आणि आपली शीर सोबत घेऊन येतो. फ्री फ्लॅपमध्ये या दोन्ही वाहिन्या मूळ जागी कापून नव्या जागेतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडलेल्या असतात. त्यांची रुंदी बहुधा १ ते ३ मिलिमीटर असते. शिरेची भिंत पातळ आणि आतला दाब कमी, त्यामुळे पीळ, दाब किंवा गुठळी यांनी ती धमनीच्या आधी बंद पडते. बहुतेक गुठळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतात, आणि म्हणून हे ७२ तास महत्त्वाचे आहेत.

टप्पा १: शस्त्रक्रियेच्या आधीची तयारी

देखरेखीची सुरुवात ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) आधी होते. मनगटाजवळच्या पुढच्या हाताचा फ्लॅप घ्यायचे ठरले असेल, तर ज्या हाताने रुग्ण लिहीत नाही तो हात निवडतात आणि मूठ आवळायला सांगून, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून, एकेक सोडून पंजाला रक्त नीट मिळते का ते पाहतात. हे डॉक्टर करतातच. चूक होते ती नंतर: भरतीच्या रात्री त्याच हाताला सलाइन लावले जाते किंवा रक्ताचा नमुना घेतला जातो. सुईने सुजलेली शीर दुसऱ्या दिवशी जोडण्याच्या लायकीची राहत नाही. त्या हाताला भरतीच्या वेळीच रुंद चिकटपट्टी लावून त्यावर ‘या हाताला सुई नको’ असे ठळक मराठीत लिहावे. पायाचे बारीक हाड घ्यायचे असेल, तर दोन्ही घोट्यांच्या नाड्या तपासून नोंदवाव्यात आणि शंका असल्यास सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) करावी, कारण काही थोड्या लोकांत पावलाचा रक्तपुरवठा मुख्यतः त्याच हाडालगतच्या धमनीवर अवलंबून असतो.

तंबाखूबद्दल विचारताना शब्द जपून वापरावेत. ‘व्यसन आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळते आणि ते उत्तर देणारी बाई रोज दोनदा मशेरी लावत असते, कारण मशेरीला ती व्यसन मानत नाही. म्हणून मशेरी, चुना-तंबाखू, गुटखा, विडी अशी एकेक नावे घेऊन विचारावे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी रुग्णाच्या खिशात पुडी सापडते. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे शक्य असेल तर तीन-चार आठवडे आधी हे सर्व बंद हवे; कर्करोगात इतके थांबता येत नाही, तेव्हा निर्णय झाला त्या दिवसापासून बंद करावे आणि शस्त्रक्रियेनंतरही खाटेशेजारी कोणी विडी ओढू नये.

> पडताळा: फ्लॅप अडचणीत आला, तर मध्यरात्री तो पुन्हा उघडून वाहिनी जोडणारी टीम त्याच रुग्णालयात मिळेल का, हे आधी विचारा. धुळ्याहून नाशिक साधारण दीडशे किलोमीटर आहे. फ्लॅप निळा पडल्यावर रुग्णवाहिका शोधण्याइतका वेळ हातात नसतो.

टप्पा २: ओटीतून वॉर्डात सोपवणे

कागद हातात देऊन हे काम होत नाही. सर्जन किंवा ओटीतील निवासी डॉक्टर आणि वॉर्डातील सिस्टर या दोघांनी खाटेशी उभे राहून फ्लॅप एकत्र पाहायचा आणि पुढील गोष्टी बोलून लिहून घ्यायच्या: फ्लॅप कोणता, वाहिन्या कोणत्या बाजूने आत शिरतात, शिरा एक जोडली की दोन, आणि डॉप्लरचा (वाहिनीतला रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) आवाज नेमका कुठे मिळतो. आवाजाच्या त्या जागी सर्जन बहुधा एक निळा टाका घालून ठेवतात. टाका नसेल तर तो मागून घ्यावा, कारण पेनाची खूण घामाने आणि बीटाडीनने पुसली जाते.

ओटी संपतानाचा रंग हाच त्या फ्लॅपचा मूळ रंग होय. आपल्याकडील सावळ्या त्वचेत ‘गुलाबी’ या शब्दाला फारसा अर्थ राहत नाही. हाताच्या आतल्या बाजूची त्वचा चेहऱ्यापेक्षा उजळ असते, म्हणून गालावर बसवलेला चांगला फ्लॅपही शेजारच्या त्वचेपुढे फिका दिसतो आणि नवख्या डॉक्टरची धावपळ होते. तुलना करायची ती फ्लॅप जिथून घेतला त्या जागेच्या आसपासच्या त्वचेशी आणि ओटी संपताना काढलेल्या पहिल्या फोटोशी.

टप्पा ३: खोली, खाट आणि गळ्याभोवतीची पट्टी

मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना वॉर्डातला कूलर थेट रुग्णाच्या तोंडावर सोडलेला असतो. ओल्या गार वाऱ्याने फ्लॅपच्या वाहिन्या आकसतात आणि शिवाय फ्लॅप स्पर्शाला गार लागून खोटी घंटा वाजते. डिसेंबरच्या पहाटे याच्या उलट घडते: नातेवाईक मायेने गरम पाण्याची पिशवी आणून ठेवतात. फ्लॅपला संवेदना नसते, चटका बसला तरी रुग्ण ओरडत नाही, आणि सकाळी फोड दिसतात. खोली साधारण २४ ते २६ अंशांवर ठेवावी, वारा भिंतीकडे वळवावा, रुग्णाला पांघरूण घालावे आणि फ्लॅपवर कोणताही शेक देऊ नये.

मानेतल्या वाहिन्यांना जोडलेल्या फ्लॅपमध्ये सर्वांत घातक वस्तू म्हणजे श्वासनलिकेची नळी बांधण्याची गळ्याभोवतीची नाडी. ओटीत ती नळी टाक्यांनी बसवलेली असते. रात्री कोणीतरी ‘सुटेल’ या भीतीने नाडी बांधतो आणि तीच नाडी शिरेवर बसते. सूज चढत जाते तशी ती आणखी आवळते. ऑक्सिजन मास्कचा इलॅस्टिक, घट्ट ड्रेसिंग आणि नळीच्या बाजूची उशी यांचाही असाच परिणाम होतो. डोके सरळ, किंचित उंच. मान शस्त्रक्रियेच्या बाजूला वळलेली नको. पायावरचा फ्लॅप असेल तर पाय उशीवर उंच, पण उशी फ्लॅपखाली नको.

रक्तदाब, लघवी, वेदना आणि ताप यांकडेही लक्ष हवे. वरचा रक्तदाब शंभराच्या खाली आणि लघवी ताशी किलोमागे अर्ध्या मिलिलिटरच्या खाली गेली, तर फ्लॅपला रक्त कमी पडू लागते. पण त्यावर बाटल्यामागून बाटल्या सलाइन चढवले, तर फ्लॅप सुजून शीर दाबली जाते. म्हणून आकडा घसरला की डॉक्टरांना विचारून ठरवावे.

> सावधान: रक्त पातळ करणारे औषध स्वतःहून सुरू करू नये, बंद करू नये आणि त्याची मात्रा बदलू नये.

टप्पा ४: दर तासाची तपासणी, याच क्रमाने

पहिले २४ तास दर तासाला, पुढचे ४८ तास दर दोन तासांनी आणि त्यानंतर पाचव्या दिवसापर्यंत दर चार तासांनी तपासावे. आपल्या रुग्णालयाचे वेळापत्रक याहून कडक असेल तर ते पाळावे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी दाबले तर रंग बदलतो आणि आधी डॉप्लरची जेली लावली तर तापमान बदलते.

*पहिले, पाहणे.* ट्यूबलाइट, पिवळा बल्ब आणि मोबाइलचा प्रकाश यांत एकच फ्लॅप तीन रंगांचा दिसतो. वॉर्डात एक पांढऱ्या प्रकाशाची टॉर्च फ्लॅपसाठीच राखून ठेवावी आणि प्रत्येक पाळीत तीच वापरावी. वाळलेले रक्त, लाळ आणि बीटाडीन सलाइनच्या बोळ्याने हळुवार पुसून मगच पाहावे. रंग, फुगीरपणा, टाक्यांच्या कडेचा काळसरपणा आणि निचरा नळीत अचानक वाढलेले रक्त या चार गोष्टी पाहायच्या. फ्लॅप सपाट, खोल गेलेला आणि फिकट झाला असेल, तर धमनीचा संशय घ्यावा. फुगून चकाकू लागला आणि निळसर झाला असेल, तर शिरेचा.

*दुसरे, स्पर्श.* बोटांच्या मागच्या बाजूने आधी शेजारच्या त्वचेला, मग फ्लॅपला स्पर्श करावा. पृष्ठभागाचे तापमान मोजण्याची सोय असेल तर दोन्ही जागा एकाच वेळी मोजाव्यात. फरक दोन अंशांहून अधिक झाला तर ती इशाऱ्याची घंटा समजावी. तोंडाच्या आतल्या फ्लॅपला ही तपासणी निरुपयोगी आहे, कारण तोंड त्याला ऊब देतच असते.

*तिसरे, दाबून पाहणे.* फ्लॅपच्या मध्यावर, तोंडात असल्यास कापसाच्या काडीने, हलका दाब देऊन सोडावा आणि रंग परत येईपर्यंत घड्याळाकडे पाहून सेकंद मोजावेत. दोन ते तीन सेकंद हे ठीक आहे. तीनपेक्षा जास्त लागले किंवा रंग परतलाच नाही, तर रक्त आत येत नाही. एका सेकंदाच्या आत परतला, तर रक्त आत येते आहे पण बाहेर पडत नाही. नोंदवहीत ‘रिफिल चांगला’ हे शब्द लिहू नयेत. सेकंदांचा आकडा लिहावा. स्नायूचा फ्लॅप बसवून वर ग्राफ्ट लावलेला असेल, तर ही चाचणी भरवशाची नसते. तिथे स्नायूचा ताजा लाल रंग आणि डॉप्लर यांवर अवलंबून राहावे लागते.

*चौथे, ऐकणे.* निळ्या टाक्यावर जेलीचा थेंब ठेवून डॉप्लरची पेन्सिल अलगद, किंचित तिरपी धरावी. धमनीचा आवाज ठोक्यांचा असतो, तर शिरेचा सलग, वाऱ्याच्या झुळकीसारखा. फ्लॅप हलकेच दाबला की शिरेचा आवाज क्षणभर वाढतो. तो वाढला नाही तर शिरेबद्दल शंका घ्यावी. शीर बंद झाल्यावरही धमनीचे ठोके बराच वेळ ऐकू येत राहतात, फक्त ते तुटक आणि ठसठशीत होतात. शिवाय मानेत पेन्सिल थोडी सरकली, तर खालच्या मोठ्या धमनीचाच आवाज मिळतो आणि मेलेला फ्लॅपही जिवंत वाटतो. ऐकून झाल्यावर जेली पुसावी, नाहीतर पुढच्या तासाला फ्लॅप गार लागेल.

माझ्या शिकण्याच्या काळात एका रुग्णालयात घडलेली गोष्ट आजही डोळ्यांपुढे येते. जबड्याचा फ्लॅप गेला आणि आम्ही नोंदवही उघडली. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंतच्या नऊ नोंदी एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरांत होत्या आणि प्रत्येकीत ‘ओके’ लिहिलेले होते. पाचला आणि सहाला फ्लॅप कसा दिसत होता, हे जाणून घ्यायला कोणताच मार्ग उरला नव्हता. लिहिणाऱ्या मुलीला मी दोष देत नाही. काय पाहायचे ते तिला कोणी दाखवलेच नव्हते, आणि त्या रात्री तिच्याकडे तीस खाटा होत्या.

नातेवाईकांनाही पहिल्या संध्याकाळी फ्लॅप दाखवावा आणि मूळ रंग कोणता ते सांगावे. खाटेशी बसलेली आई सर्वांत आधी ‘रंग बदलना’ असे अहिराणीत सांगते, आणि तिचे ते सांगणे मी कधीच बाजूला सारत नाही.

टप्पा ५: ऑक्सिजनची तपासणी

इथे एक मोठा गैरसमज आहे. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, म्हणून फ्लॅपलाही ऑक्सिजन मिळतो आहे असे धरले जाते. तो आकडा फुप्फुसातून धमनीत आलेल्या रक्ताचा आहे. फ्लॅपची वाट बंद असेल, तर ते ९८ टक्क्यांचे रक्त फ्लॅपच्या दारापर्यंतच पोचते. याच कारणाने निळ्या पडलेल्या फ्लॅपवर उपाय म्हणून ऑक्सिजनचा मास्क लावण्यानेही वाट मोकळी होत नाही.

ऊतींचा ऑक्सिजन मोजणारे यंत्र वेगळे असते. त्याचा संवेदक फ्लॅपवरच चिकटवतात; तो अवरक्ताच्या जवळचा प्रकाश आत सोडून, केशवाहिन्यांमधल्या रक्तातले ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन किती, ते वेगळे ओळखतो. त्याचा आकडा बोटाच्या आकड्यापेक्षा बराच कमी असणे स्वाभाविक आहे, कारण केशवाहिन्यांत वापरलेले रक्तही मोजले जाते. प्रत्येक फ्लॅपचा आकडा वेगळा. म्हणून ओटीतून आल्यावरचा स्थिर आकडा मूळ धरावा आणि त्यातली घसरण पाहावी. तासाभरात वीस अंकांनी घसरला आणि अर्धा तास तसाच राहिला, किंवा तीसच्या खाली गेला, तर दुसऱ्या कशाची वाट न पाहता सर्जनना बोलवावे. एकूण हिमोग्लोबिनही घटत असेल तर धमनी, आणि ते वाढत असेल तर शीर बंद होत असल्याचा अंदाज करता येतो.

> पडताळा: घसरण दिसली की संवेदक सुटला आहे का, त्यावर ड्रेसिंगचा दाब आहे का आणि तीव्र प्रकाश पडतो आहे का, हे मिनिटभरात पाहा. तिन्ही ठीक असतील तर आकडा खरा माना.

हे यंत्र आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. ते नसेल तरी घाबरण्याचे कारण नाही. अनुभवी डोळा, बोट आणि डॉप्लर यांवरच आजही बहुतेक फ्लॅप वाचवले जातात. साधा ग्लुकोमीटरही मदत करतो: तुंबलेल्या फ्लॅपमधल्या पेशी आहे ती साखर वापरत राहतात आणि नवी येत नाही, म्हणून फ्लॅपमधल्या थेंबाची साखर बोटाच्या साखरेपेक्षा बरीच खाली उतरते. मधुमेही रुग्णात एकटा आकडा फसवतो, तेव्हा दोन्ही मोजून फरकच पाहावा.

सुई टोचून रक्त पाहण्याची चाचणी डॉक्टरांनीच, बारीक सुईने, वाहिन्यांच्या मार्गापासून दूर आणि शंका असेल तेव्हाच करावी. दोन-तीन सेकंदांत लाल थेंब उमटला तर चांगले. काहीच आले नाही तर धमनी, आणि लगेच काळपट रक्त वाहू लागले तर शीर. दर तासाला टोचल्याने फ्लॅप जखमी होतो आणि पुढची तपासणी वाचता येत नाही.

टप्पा ६: शंका आली तर

शंका येणे पुरेसे आहे, खात्रीची वाट पाहायची नसते. रक्त थांबलेल्या अवस्थेत स्नायू साधारण दोन ते चार तास आणि त्वचेचा फ्लॅप चार ते सहा तास तग धरतो. बारा तासांच्या आसपास गेल्यावर वाहिनी मोकळी करूनही बारीक वाहिन्यांत रक्त शिरत नाही. यात ओटी उघडणे, भूल देणे आणि टाके काढणे यांचा वेळही मोजावा लागतो.

१. सर्जनना थेट फोन करावा. संदेश पाठवून उत्तराची वाट पाहू नये. सांगताना रंग, सेकंद, डॉप्लरचा आवाज आणि बदल कधीपासून आहे, हे चार मुद्दे सांगावेत.

२. फोन करतानाच दुसऱ्याने मान सरळ करावी, गळ्याभोवतीची नाडी, मास्कचा इलॅस्टिक आणि घट्ट ड्रेसिंग सैल करावे. नळी टाक्यांनी पक्की आहे ना, ते आधी पाहावे.

३. रक्तदाब मोजावा, निचरा नळी तुंबली आहे का ते पाहावे. आत रक्त साचून गाठ झाली असेल, तर डॉक्टर खाटेवरच दोन-तीन टाके सोडून दाब कमी करतात.

४. तोंडाने किंवा नळीने चाललेले खाणेपिणे थांबवावे, रक्तपेढीला आणि ओटीला कळवावे. सर्जन पोचेपर्यंत ही तयारी पूर्ण व्हावी.

फोटो पाठवायचा असेल, तर राखीव टॉर्चच्या प्रकाशात, शेजारची त्वचा चौकटीत घेऊन आणि शक्य तितका चेहरा वगळून काढावा. फोटो आला म्हणून सर्जननी घरूनच निर्णय द्यावा, हे मला मान्य नाही.

> सावधान: ‘अर्धा तास बघू’ म्हणणे, चोळणे, शेकणे किंवा मलम लावणे, यांतले काहीही करू नये.

वाहिनी मोकळी करूनही शीर पुरत नसेल, तर काही वेळा वैद्यकीय जळवा लावून तुंबलेले रक्त काढतात. त्यांच्या पोटातल्या जिवाणूंपासून संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक द्यावे लागते आणि हिमोग्लोबिन वारंवार तपासावे लागते. शेततळ्यातली जळू आणणे धोक्याचे आहे.

टप्पा ७: तिसऱ्या दिवसानंतर

पायावरचा फ्लॅप असेल, तर सर्जननी सांगितल्यावर, बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसापासून, पाय खाली सोडण्याचा सराव सुरू होतो. पहिल्या वेळी पाच मिनिटे पुरेत. पाय वर घेतल्यावर फ्लॅपचा जांभळेपणा काही मिनिटांत उतरला पाहिजे. उतरला नाही तर त्या दिवसाचा सराव थांबवावा.

हात जांघेच्या फ्लॅपला जोडलेला असेल, तर धोका गुठळीपेक्षा ओढ आणि पीळ यांचा असतो. झोपेत कूस बदलताना देठ, म्हणजे फ्लॅपला जांघेशी जोडून रक्त पुरवणारा भाग, दुमडला जातो, म्हणून रात्रभर कुणीतरी जवळ असावे आणि हात चिकटपट्टीने नीट बांधलेला असावा. असा रुग्ण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा अक्कलकुव्याकडचा असेल, तर एसटीच्या धक्क्यांत त्याला घरी पाठवून परत बोलावण्यापेक्षा, देठ कापेपर्यंत शहरातच राहण्याची सोय करून द्यावी. सुमारे तीन आठवड्यांनी देठ कापायच्या आधी त्याला रबरी पट्टी किंवा चिमटा लावून अर्धा तास रंग पाहतात. रंग टिकला तर हाताकडून नवा रक्तपुरवठा जमला आहे असे समजून देठ कापतात. फिकटपणा किंवा जांभळेपणा आला, तर पट्टी तत्काळ सोडून आणखी काही दिवस थांबतात.